राजवाडा दाखवलाच नाही. पैसे कोणी द्यायचे?

प्रश्न : ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आम्हा 38 ज्येष्ठांची जव्हारचा जयविलास राजवाडा आणि बाग पाहायला एक दिवसाची सहल ठरली. माणशी 1,650 रुपये माझ्या खात्यात जमा करून 62,700 रुपये मी पुण्याच्या टूरवाल्याला दिले. त्याने परवानगीच काढली नव्हती, फाटकावरून परतलो. तो म्हणतो, हनुमान पॉइंट, शिरपामाळ दाखवलं, जेवण दिलं. पावतीवर ‘नो रिफंड’ छापलंय. मंडळी आता माझ्याकडे पैसे मागतात.

उत्तर : ताई, पदरचा एक रुपयाही भरू नका. तुम्ही मोबदला घेतलेला नाही, त्यामुळे ग्राहक कायद्यात सेवा देणाऱ्या ठरत नाही. तुमच्यावर जबाबदारी आहे ती हिशेबाची. कोणाकडून किती आले, टूरवाल्याला कधी दिले, हा तक्ता बँकेच्या उताऱ्यासह आजच सगळ्यांना पाठवा.

पावती तुमच्या नावावर असली तरी ग्राहक 38ही जण आहेत. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(7) मधल्या ‘ग्राहक’ या व्याख्येत सेवेचा लाभार्थीही येतो. मात्र एकटीच्या नावाने तक्रार करून सगळ्यांचे पैसे मागू नका. तसं करायचं तर कलम 35(1)(क) खाली ग्राहक आयोगाची (ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या यंत्रणेची) आगाऊ परवानगी लागते. त्यापेक्षा सर्वांनी सह्या करून संयुक्त तक्रार द्यावी. 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिला मुभा दिली आहे.

‘नो रिफंड’ची अट प्रवाशाने बुकिंग रद्द केलं तर लागू होते, इथे चुकला तो टूरवाला. पण ती अट ‘अनुचित करार’ (ग्राहकावर अन्याय्य अटी लादणारा करार) आहे असं तक्रारीत लिहू नका, कारण तो विषय राज्य आयोगाकडे जातो. ‘सेवेतील त्रुटी’ एवढंच धरा, म्हणजे ठाणे जिल्हा आयोगातच काम होईल. पावतीवर ‘न्यायक्षेत्र पुणे’ असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते.

पूर्ण रक्कम मागू नका. बस गेली, जेवण झालं. त्याचा वाजवी खर्च वजा दाखवा. राजवाडा हेच सहलीचं कारण होतं, म्हणून उरलेला मोठा हिस्सा आणि मनस्तापाची भरपाई मागा. अशी मागणी आयोगाला पटते.

आधी स्पीड पोस्टने 15 दिवसांची नोटीस द्या. मग ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं. कार्यक्रमपत्रिकेत ‘राजवाडा दर्शन’ लिहिलेला मेसेज ज्या फोनवर आला, तो फोन बदलू नका, चॅटही पुसू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा वकील हरकत घेतो; सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.