वाचकांचे प्रश्न : सेलेरॉनला थोडं जास्त व्होल्टेज

प्रश्न : ४४०बीएक्स मदरबोर्डवर इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर आहे. बी२१ ही पिन झाकून बस (बोर्ड आणि प्रोसेसरमधल्या वाटेचा वेग) ६६ ची १०० मेगाहर्ट्झ केली. पण ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झला विंडोज सुरू होता होता अडकतं. बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) व्होल्टेजची सोय नाही. पिना झाकून तेही वाढतं का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : वाढतं. पण आधी रॅम पीसी१०० (१०० मेगाहर्ट्झची) आहे का ते बघा. पीसी६६ असली तरी मशीन असंच अडकतं, आणि दोष उगाच प्रोसेसरवर जातो.

किती व्होल्ट द्यायचे हे बोर्ड प्रोसेसरच्या कार्डाच्या कडेवरच्या पाच पट्ट्यांवरून (तुम्ही म्हणता त्या पिना) ओळखतो. ग्राउंडला जोडलेली म्हणजे ०, मोकळी किंवा झाकलेली म्हणजे १. तुमच्या २.० व्होल्टच्या चिपमध्ये फक्त बी१२० मोकळी असते. ए१२१, ए१२०, ए११९ आणि बी११९ ग्राउंडला. मल्टिमीटर बझरवर ठेवून हे ताडून घ्या, म्हणजे पट्ट्या मोजण्यात चूक झाली असेल तर तिथेच कळेल.

२.२ व्होल्टसाठी ए१२१, ए११९ आणि बी११९ झाका. (२.१ असं मिळत नाही; त्यासाठी बी१२० ग्राउंडला जोडावी लागते.) इन्सुलेशन टेप नको, ती जाड असते आणि कार्ड बसवताना गोळा होते. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नेलपॉलिशचे दोन पातळ हात द्या, रात्रभर वाळू द्या. नको वाटलं तर ॲसिटोनने निघतं.

खरा धोका अर्धवट झाकण्यात आहे. ए११९ वरचा थर खरवडला तर २.६ व्होल्ट जातात, बी११९ वरचा गेला तर ३.०, आणि नुसती ए१२१ झाकलेली राहिली तर ३.४! उलट ए१२१ चाच थर गेला तर १.४ मिळतात, मशीन सुरू होत नाही, पण चिप वाचते. म्हणून कार्ड एकदा बसवून काढा, तिन्ही थर भिंगाखाली पाहा, मगच वीज द्या. बोर्डवर सोय असेल तर बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये आकडा लगेच तपासा.

व्होल्टेजच्या वर्गामुळे (१.१ × १.१) उष्णता १.२१ पट आणि वेगामुळे दीडपट, म्हणजे एकूण सुमारे १.८ पट होते. सोलापूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकते, त्यात शेजारी यंत्रमाग असेल तर सुताची लव हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पात्यांच्या) फटींत नमद्यासारखी बसते. पंखा काढून ती ब्रशने साफ करा, जुनी थर्मल पेस्ट बदला. एवढ्यानेच २.० व्होल्टवर ४५० टिकलं, तर नेलपॉलिशची बाटली उघडूच नका.