रविवारी फोटो, सोमवारी कॅलिब्रेशन

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सध्या ती जर्मनीत कार्ल्सरूह शहरातल्या एका प्रयोगशाळेत तीन महिन्यांच्या इंटर्नशिपवर आहे. निम्मा काळ संपला. कामाचं विचारलं की ‘सेन्सरचं कॅलिब्रेशन चाललंय, आकडे भरतेय’ एवढंच सांगते. शनिवार-रविवारी मात्र फोटोंचा पाऊस पडतो, कधी हायडेलबर्ग, कधी स्ट्रासबूर्ग, कधी ब्लॅक फॉरेस्ट. संध्याकाळी पाच-साडेपाचला तिथले लोकच घरी जा म्हणतात, असं ती सांगते. हा खर्च आम्ही बरीच ओढाताण करून केला आहे. फिरणं बंद करून कामात लक्ष घाल, असं तिला सांगावं का? आणि या इंटर्नशिपचा पुढे नोकरीसाठी खरंच उपयोग होईल का?
– एक वडील

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तिला फिरणं बंद करायला सांगू नका. ओढाताण करून पाठवलेल्या लेकीचा एकेक दिवस सार्थकी लागावा असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि तुमच्या पत्रातली कळकळ मला समजते. पण तुमची काळजी चुकीच्या दिवसांना चिकटली आहे. शनिवार-रविवार बुडाल्याने तिचं काही बिघडणार नाही. बिघडलं तर ते सोमवार ते शुक्रवारात बिघडेल, आणि त्या पाच दिवसांबद्दल तुमच्या पत्रात एकच वाक्य आहे.

आधी त्या पाच-साडेपाचचं बघू. जर्मनीत कामाच्या वेळेचा कायदा आहे. दिवसाचे आठ तास हा नियम. दहापर्यंत वाढवता येतात, पण नंतर ते भरून द्यावे लागतात. उशिरापर्यंत बसलेला माणूस तिथे कष्टाळू ठरतोच असं नाही, उलट ‘याला वेळेत काम का उरकत नाही’ असा प्रश्न पडू शकतो. शिवाय फिरती यंत्रं असलेल्या अनेक प्रयोगशाळांत संध्याकाळी एकट्याने काम करू देत नाहीत, कारण अपघात झाला तर मदतीला कुणी नसतं. म्हणजे तिला घरी पाठवतात यात तिची हेळसांड नाही. रविवारी तर तिथे दुकानंही कायद्याने बंद असतात. स्टेशनवरची काही दुकानं आणि काही बेकऱ्या सोडल्या तर शहर शांत. त्या दिवशी ती बाहेर पडली नाही तर चार भिंतींत बसून तुमच्या फोनची वाट बघेल. परक्या देशात महिनोन्‌महिने असं बसणं तरुण मुलांना आतून पोखरतं, हे मी वारंवार पाहिलं आहे.

आता कॅलिब्रेशन. हा शब्द ऐकून तुम्हाला वाटलं असणार की मुलीला हमाली दिली आहे. तसं नाही. एखाद्या बेअरिंगची थरथर मोजायची तर सेन्सर किती व्होल्ट दाखवतो आणि प्रत्यक्षात थरथर किती आहे, यांची सांगड कुणीतरी घालावी लागते. ती चुकली तर पुढचे सगळे आलेख खोटे. नवख्या मुलीच्या हाती हे काम देणं म्हणजे तिच्यावर थोडा विश्वास टाकणं आहे. काळजी वेगळ्याच गोष्टीची करायला हवी. तिला त्या आकड्यांचं पुढे काय होतं हे माहीत आहे का? हा प्रयोग कशासाठी चालला आहे, मार्गदर्शकाचा मूळ प्रश्न काय आहे, तिचे आकडे कुणाच्या शोधनिबंधात किंवा कुठल्या डिझाइनमध्ये जाणार आहेत, हे तिला सांगता येतं का? येत असेल तर तुम्ही निश्चिंत राहा. येत नसेल तर तिने या आठवड्यात मार्गदर्शकाकडून अर्धा तास मागून घ्यावा आणि दोन गोष्टी विचाराव्यात : माझं काम मोठ्या कामात कुठे बसतं, आणि उरलेल्या दिवसांत अथपासून इतिपर्यंत फक्त माझा असा एखादा छोटा तुकडा मला मिळेल का. निम्मा काळ उरलेला असताना हे विचारलं तर काहीतरी हाती लागतं. शेवटच्या आठवड्यात विचारलं तर समोरचा हसून ‘पुढच्या वेळी’ म्हणतो.

जर्मन मार्गदर्शक आपणहून फारसं कौतुक करत नाहीत, आणि चूक दाखवताना आडपडदाही ठेवत नाहीत. ‘हे बरोबर नाही’ असं सरळ सांगतात आणि पाच मिनिटांनी त्याच माणसाशी निवांत गप्पा मारत जेवतात. पहिल्यांदा हे फार लागतं. तुमची लेक कामाबद्दल कमी बोलते त्यामागे हेही असू शकतं. तेव्हा ‘काय काम केलंस’ असं विचारण्यापेक्षा ‘या आठवड्यात काय अडलं होतं’ असं विचारून बघा. अडलेल्या गोष्टीबद्दल मुलं मोकळेपणाने बोलतात.

आता फिरण्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमच्या मुलीच्या पदरात पडलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती आहे आणि ती तुम्हा दोघांच्याही ध्यानात आलेली नाही. मेकॅनिकलच्या विद्यार्थिनीला राहायला मिळावं असं हे शहर आहे. सायकलचा पूर्वज मानली जाणारी दोन चाकांची धावगाडी ज्याने 1817 मध्ये चालवून दाखवली, तो कार्ल द्राइस याच गावात जन्मला. हाइनरिख हर्ट्‌झने विद्युतचुंबकीय लहरींचं अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केलं ते इथल्याच पॉलिटेक्निकमध्ये. आणि ती रोज ज्या ट्रामने जात असेल, ती तर अभ्यासण्यासारखी चीज आहे. 1992 साली या शहराने रस्त्यावरची ट्राम सरळ रेल्वेच्या रुळांवर नेली. पहिला मार्ग ब्रेटेन गावापर्यंतचा. शहरातल्या तारेत 750 व्होल्टचा डीसी प्रवाह, रेल्वेच्या तारेत 15 हजार व्होल्टचा एसी. दोन्हींच्या मध्ये तारेचा एक तुकडा बिनविजेचा असतो आणि तेवढ्या अंतरात गाडी आधीच्या वेगावर नुसती घरंगळत जाते. चाकांचा आकारही असा काढावा लागला की ती ट्रामच्या खाचेतल्या रुळावरही चालावीत आणि रेल्वेच्या सांध्यांवरूनही सुखरूप जावीत. प्रवासी गाडी बदलायला उतरत नाही. गाडीच आपली वीज बदलते. पुढे अनेक शहरांनी हा नमुना उचलला. तिला म्हणावं, एकदा ब्रेटेनपर्यंत जा, खिडकीशी बस आणि तो बिनविजेचा तुकडा नेमका कुठे येतो ते शोध.

ब्लॅक फॉरेस्टचे तिचे फोटो धबधब्याचे असतील. हरकत नाही, धबधबा सुंदरच आहे. पण ज्या रेल्वेने ती धबधब्याच्या ट्रिबेर्ग गावाला गेली असेल तो मार्ग 1873 मध्ये पुरा झाला, आणि तो आखणाऱ्या रोबेर्ट गेरविगपुढे प्रश्न होता की दातेरी रूळ न वापरता एवढा डोंगर चढायचा कसा. त्याने चढ ठेवला सुमारे पन्नासास एक आणि अंतरच वाढवलं. डोंगराच्या अंगाने मार्गाला मोठमोठे वळसे देऊन त्याने गाडी वर नेली. म्हणून तिथे काही मिनिटांपूर्वी पाहिलेली दरी पुन्हा दिसते, पण खाली गेलेली. स्ट्रासबूर्गच्या कॅथीड्रलमधलं खगोलीय घड्याळही तसंच. आजची यंत्रणा श्विल्गे या कारागिराने 1838 ते 1843 दरम्यान घडवली. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, आणि ती काढण्याचं किचकट गणित हे घड्याळ निव्वळ दातेरी चाकांनी करतं. दुपारी साडेबाराला बाहुल्यांची मिरवणूक बघायला गर्दी होते. मिरवणूक तिनेही बघावी, पण पांगलेल्या गर्दीनंतर दहा मिनिटं मागे थांबून चाकंही बघावीत.

आणि फोर्झहाइम. कार्ल्सरूहपासून हे जवळच आहे, आणि ब्लॅक फॉरेस्टच्या धबधब्यांइतकी गर्दी तिथे नसते. 1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्था बेन्झ, म्हणजे मोटारगाडीचा शोध लावणाऱ्या कार्ल बेन्झची बायको, नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्याची मोटारगाडी मानहाइमहून इथपर्यंत घेऊन आली, शंभरहून अधिक किलोमीटर. वाटेत इंधन संपत आलं तेव्हा वीसलोख गावातल्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं पेट्रोलसारखं द्रावण विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनने मोकळी केली. उतारावर ब्रेकचं लाकूड झिजलं तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी ढकलावी लागली म्हणून आणखी एक गिअर हवा, असं परतल्यावर नवऱ्याला सांगितलं. फील्ड टेस्ट म्हणजे काय हे या बाईंइतकं स्वच्छ कुणी दाखवलं नसेल. तुमची लेक सध्या चाचण्यांचंच काम शिकते आहे. हा रस्ता तिने जरूर पाहावा.

फक्त एक शिस्त लावून घ्यायला सांगा. दर रविवारी रात्री वहीत अर्धं पान : काय पाहिलं, ते कसं चालतं असं मला वाटलं, काय कळलं नाही. आणि न कळलेलं सोमवारी प्रयोगशाळेत कुणालातरी विचारायचं. दुपारच्या जेवणाला सगळे एकत्र कॅन्टीनमध्ये जातात, तिथे बोलायला विषय सापडत नाही म्हणून आपली मुलं गप्प बसतात. ‘काल ट्रिबेर्गला गेले होते, ते वळसे कसे आखले असतील?’ असा प्रश्न विचारणारी मुलगी त्या टेबलावर सगळ्यांच्या लक्षात राहते, आणि पुढे शिफारसपत्र लिहिताना मार्गदर्शकाला तिच्याबद्दल लिहायला चार ओळी सापडतात.

रोजच्या जगण्यातलं शिक्षणही कमी समजू नका. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत घरमालकाचं पत्र घेऊन पत्ता नोंदवणं, कागद आणि वेष्टनं वेगवेगळ्या डब्यांत टाकणं, काचेच्या बाटल्या रविवारी कचराकुंडीत टाकल्या की आवाज होतो म्हणून शेजाऱ्यांचं बोलणं ऐकणं, प्लॅस्टिकची बाटली परत करून 25 सेंट घेणं, रस्ता रिकामा असला तरी सायकलवर लाल दिव्याला थांबणं (मोडला तर दंड 60 युरोंपासून सुरू होतो). हे सगळं ती एकटी निभावते आहे. ‘अनोळखी व्यवस्थेत तू स्वतःला कसं बसवलंस?’ असा प्रश्न मुलाखतीत हटकून येतो. त्याचं उत्तर तिला इथूनच मिळणार.

खर्चाचं म्हणाल तर फिरणं वाटतं तेवढं महाग नाही. सगळ्या देशातल्या लोकल, प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बसला चालणारं मासिक तिकीट तिथे 2023 पासून आहे. सुरुवातीला 49 युरो होतं, 2026 पासून 63. ट्रिबेर्ग, हायडेलबर्ग, फोर्झहाइम सगळं त्यात बसतं. जलद आयसीई आणि आयसी गाड्यांना मात्र ते चालत नाही. चुकून बसली तर दंड. फ्रान्सच्या बाजूलाही चालत नाही : सीमेवरच्या केल या जर्मन गावापर्यंत गाडीने जावं आणि ऱ्हाईन नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की स्ट्रासबूर्ग. पासपोर्ट जवळ हवाच. शेंगेन क्षेत्र, म्हणजे आपसांत सीमा-तपासणी नसलेल्या देशांचा गट, असलं तरी जर्मनीने 2024 पासून सगळ्या भू-सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. आणि हे तिकीट वर्गणीसारखं दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. थांबवायचं तर त्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवावं लागतं, नाहीतर ती घरी परतल्यावरही पैसे कापले जातील.

एका बाबतीत मात्र तिला जरा कडक शब्दांत सांगा. प्रयोगशाळेतल्या यंत्रांचे, स्क्रीनचे, सहकाऱ्यांचे फोटो परवानगीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. संशोधन गुप्त असू शकतं, आणि न विचारता फोटो काढलेला तिथल्या लोकांना अजिबात खपत नाही.

नोकरीला उपयोग होईल का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं एका कागदावर अवलंबून आहे. जर्मनीत इंटर्नशिपचं प्रमाणपत्र दोन प्रकारचं असतं. एकात फक्त कधीपासून कधीपर्यंत आणि काय काम, एवढंच. दुसऱ्यात काम कसं केलं आणि वागणूक कशी होती हेही लिहितात. तिने दुसरं मागावं, शक्य तर जर्मन आणि इंग्रजी दोन्हींत. जर्मन प्रत एखाद्या जाणकाराकडून वाचून घ्यावी, कारण त्यातल्या शब्दांना ठरलेलं वजन असतं. नुसतं ‘आमचं समाधान झालं’ हे वाक्य वाचायला गोड वाटतं, पण त्याचा अर्थ तिथे ‘जेमतेम’ असा धरतात. त्याला ‘सदैव’ आणि ‘पुरेपूर’ जोडले गेले की तो उत्तम शेरा. मसुदा अनेकदा विद्यार्थ्याकडूनच मागतात, तेव्हा तिच्या वहीत रोजच्या कामाची नोंद असायला हवी. आज नसेल तर मागच्या आठवड्यांचं आठवून लिहायला तिला या दोन दिवसांतच बसवा.

ती तिथून निघण्याआधी हा कागद सहीसकट हातात पाहिजे. उन्हाळ्यात तिथले लोक सलग दोन-तीन आठवडे सुट्टीवर जातात, आणि त्या काळात मेललाही उत्तर येत नाही. मार्गदर्शक कधीपासून सुट्टीवर आहेत, हे तिने उद्याच विचारून घ्यावं.