९ जण, मुंबई ते न्यूयॉर्क: आधी दोन टोळ्या करा

तुम्ही विचारलंय की आई-बाबा, तुम्ही दोघं, दादा-वहिनी आणि तीन मुलं असे ९ जण मुंबई-अबुधाबी-न्यूयॉर्क करून न्यू जर्सीतल्या एडिसनला घरी परतताय, तर सगळ्यांचं तिकीट एकत्रच काढायचं ना? माझं मत, नको. ९ जणांचा घोळका करून निघालात की सगळ्यात हळू माणसाच्या वेगाने सगळे चालतात. दोन टोळ्या करा, ४ आणि ५ च्या, आणि त्या तिकिटापासूनच करा.

एका बुकिंगमधे ९ जण बसतात हे खरंय, पण सिस्टीम सगळ्यांना एकच भाव लावते. स्वस्तातल्या ५ सीटा उरल्या असतील आणि तुम्ही ९ मागितल्या तर ५ स्वस्त आणि ४ महाग असं होत नाही, नऊच्या नऊ महागात जातात. म्हणून आधी ९ टाकून बघा, मग ५ टाकून बघा, फरक लगेच दिसेल. दोन पीएनआर झाले की एअरलाईनला फोन करून एकमेकांत नोंद करून घ्यायची. कनेक्शन चुकलं तरी हे बरं पडतं, पुढच्या विमानात ९ सीटा एकदम मिळणं कठीण, ४ मिळू शकतात.

टोळी पाडताना 'आमचं कुटुंब, दादाचं कुटुंब' असं करू नका. आई-बाबा, तुम्ही आणि तुमचं मोठं मूल ही एक, बाकी दुसरी. (मूल एकाच पालकाबरोबर पुढेमागे होऊ शकतं, तेव्हा दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ असू द्या.) आणि ते ९ पासपोर्ट एका पाऊचमधे घालून दादाच्या गळ्यात अडकवायचा प्रकार तर अजिबात नको. आई-बाबांना व्हीलचेअर घेणार असाल, आणि घ्याच, आधी सांगून ठेवा, तर व्हीलचेअरवाला त्यांना वेगळ्या लिफ्टने वेगळ्या रांगेत घेऊन जातो आणि पासपोर्ट दादाकडे, दादा बाथरूमच्या रांगेत! ज्या टोळीचे पासपोर्ट त्या टोळीकडे, औषधं आणि मुलांचा खाऊ पण तसाच.

आता अबुधाबी. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात बसायच्या आधीच होतं, २०१४ पासून ही सोय आहे, न्यूयॉर्कला उतरल्यावर मग डोमेस्टिकसारखं सरळ बॅगा घेऊन बाहेर. सोय मोठी आहे पण वेळ खाते, पुन्हा सिक्युरिटी असते, तेव्हा दोन तासांचं कनेक्शन कितीही स्वस्त दिसलं तरी नको, चार तास धरा. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर काउंटरला तुम्ही त्यांच्या शेजारी उभे रहा, परतीचं तिकीट आणि एडिसनचा पत्ता कागदावर छापलेला हवा, फोन नेमका तेव्हाच मान टाकतो. आईंना सांगून ठेवा, विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं, नातवंडांचं कौतुक नंतर. आत बोलावून जास्त चौकशी झाली तर दुसऱ्या टोळीने थांबायचं नाही, पुढे जाऊन गेटवर बसायचं.

खाऊचं: खसखस बिलकुल नको, यूएईत तिच्यावर बंदी आहे आणि ट्रान्झिटचं कारण कामाला येत नाही. म्हणजे अनारसे गेले! घरच्या गोड्या मसाल्यात खसखस घालत असाल तर तोही राहू दे. खोबऱ्याची वाटी तेलामुळे पेट घेऊ शकते म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. आंबे, बिया, कुठलंही मांस अमेरिकेत अडवतात. चकली, लाडू, मेतकूट चालतं पण विचारलं की 'फूड आहे' असं सरळ सांगायचं, लपवलं तर दंड बसतो.

सीटा आत्ताच घ्या. विमान बोईंग ७७७ असेल तर त्यात बहुतेक ३-४-३ रचना असते, मधल्या ४ च्या दोन ओळी एकामागे एक घ्यायच्या, नववा माणूस पलीकडच्या आईलला, आणि तो दादाच असू दे, झोपेल तरी.

राहता राहिलं सामान. भाड्यात माणशी किती बॅगा आहेत ते बघा, सगळ्या भाड्यांत २ नसतात. २३ किलोच्या दोन-दोन मिळाल्या तर १८ बॅगा, ४१४ किलो! प्रत्येक बॅगेत दोन-तीन जणांचे कपडे मिसळा, म्हणजे एखादी मागे राहिली तरी कोणी एकटं उघडं पडत नाही. बॅग आली नाही तर विमानतळावरच लेखी तक्रार करून नंबर घ्यायचा, घरी जाऊन फोन करतो म्हणू नका. आणि न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून एडिसनला एका मिनीव्हॅनमधे तुम्ही नऊ जणच बसणार नाही, बॅगा तर दूरच. दोन मोठ्या गाड्या आधीच सांगून ठेवा, पहिलीत आई-बाबा, मुलं आणि घराची किल्ली असलेला माणूस.