‘गेटकीपिंग’ला मक्तेदारी म्हणावं का?

एका वाचक ताईंनी विचारलंय: फॅशनच्या व्यवसायावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. शीर्षक ‘फॅशन उद्योगातील कृष्णवर्णीय व्यावसायिकांमधील वर्णद्वेष आणि मक्तेदारी’ असं केलंय. ‘गेटकीपिंग’साठी, म्हणजे कुणाला आत येऊ द्यायचं नि कुणाला नाही हे ठरवण्यासाठी, मक्तेदारी चालेल का?

मक्तेदारीकडे येतोच, पण मला आधी अडखळायला झालं ते ‘मधील’पाशी. ‘गावकऱ्यांमधील वैर’ म्हटलं की गावकरी आपसात भांडतायत असंच आपण समजतो. त्या चालीवर ‘कृष्णवर्णीयांमधील वर्णद्वेष’ म्हणजे द्वेष करणारेही तेच, असा अर्थ निघतो. सोसणाऱ्याच्या माथी करणाऱ्याचं खापर! इथे ‘वाट्याला येणारा’ हवं. गंमत अशी की शीर्षकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला मात्र ‘मधील’ थोडंफार लागू पडतं, कारण दार अडवण्याचं काम कधीकधी त्यांच्यातल्याच कुणाकडे येतं. एक प्रत्यय दोन्हीकडे पुरत नाही.

आता मक्तेदारी. मक्तेदाराच्या ताब्यात आख्खा धंदा असतो. गेटकीपरच्या ताब्यात फक्त दार. ही संकल्पना रुजवली मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत लोक काय खातात, का खातात याचा ते अभ्यास करत होते. बाजारातून किंवा परसातून अन्न ताटापर्यंत येतं त्या वाटेवर काय आत येणार, काय बाहेरच राहणार हे घरची बाई ठरवते, हे त्यांनी मांडलं. म्हणजे पहिली ‘गेटकीपर’ गृहिणी! पुढे १९५० साली डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी हीच कल्पना बातम्या निवडणाऱ्या संपादकाला लावली आणि ती सगळीकडे पसरली.

गृहिणीवरून मला आपल्या वाड्यांतली कोठीची किल्ली आठवते. किल्ली कमरेला, घर मात्र दुसऱ्याच्या नावावर. गेटकीपिंगचा गाभा हाच आहे, आणि तुमच्या लेखाचा विषय त्याशिवाय कळायचा नाही. एडवर्ड एनिनफुल यांचंच घ्या. घानात जन्मलेले कृष्णवर्णीय, २०१७ ते २०२४ या काळात ब्रिटिश ‘व्होग’ या फॅशन मासिकाचे संपादक, मुखपृष्ठावर कोण झळकणार ते ठरवणारे. रूढ अर्थाने फॅशनचे मोठे गेटकीपर. जुलै २०२०मध्ये ते आपल्याच कार्यालयात शिरत असताना सुरक्षारक्षकाने त्यांना माल चढवा-उतरवायच्या दाराने जायला सांगितलं. त्यांनी स्वतःच हे जाहीर केलं, कंपनीने त्या रक्षकाला तिथून हटवलंही. पण दाराच्या राखणदारालाच दारात अडवलं गेलं, याला ‘मक्तेदारी’ म्हणायचं कसं? याच्या कितीतरी आधी, १९५३ साली, जॅकलीन बूव्हिए यांच्या, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींशी झालेल्या लग्नातला झगा शिवणाऱ्या कृष्णवर्णीय डिझायनर ॲन लो यांच्याबद्दलही असंच सांगतात. झगा पोचवायला गेल्या तर मागच्या, नोकरांच्या दाराने या म्हणाले. बाईंचं उत्तर: पुढच्या दाराने घेणार नसाल तर झगा परत नेते.

मग शब्द कोणता? ‘द्वारपालन’ कुठेतरी वाचलं. ते मला कुक्कुटपालनाच्या शेजारचं खातं वाटतं. ‘राखणदारी’ अर्थाने जवळची, पण कोकणात-गोव्यात राखणदार हा गावाला सांभाळणारा देव, त्याला नारळ देतात. त्याच्यावर आडकाठीचा आळ घेणं बरं नव्हे. ‘कंपूबाजी’त दारच नाही. माझा कौल नामापेक्षा क्रियापदांना, आणि तीही दोन. बाहेरच्याला थोपवणं म्हणजे ‘दारात अडवणं’. आणि स्वतः आत आल्यावर मागच्यांना येऊ न देणं म्हणजे ‘आतून कडी लावणं’. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. आपल्याला ते वेगळं दाखवता येतं, तर का दाखवू नये?

ही कडी लागते कशी, तेही अनुवादात उतरायला हवं. मॉडेल बेव्हर्ली जॉन्सन ऑगस्ट १९७४मध्ये अमेरिकन ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर आल्या, तिथे पोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय. पुढच्या वर्षी सोमालियाच्या मॉडेल इमान न्यूयॉर्कला आल्या आणि या दोघींना एकमेकींच्या स्पर्धक म्हणून उभं केलं गेलं. खुर्ची एकच, म्हणजे नवी आली की जुनीने उठायचं. अशा घरात आधी आलेल्याचा हात कडीकडे गेला तर दोष फक्त हाताचा नाही, खुर्च्या मोजून ठेवणाऱ्याचाही आहे. अर्थात सगळे कडी लावत नाहीत. १९७३च्या व्हर्सायच्या गाजलेल्या फॅशन शोमधल्या मॉडेल बेथॲन हार्डिसन यांनी १९८४ साली स्वतःची एजन्सी काढली, आणि १९८८मध्ये याच इमान यांना सोबत घेऊन कृष्णवर्णीय मॉडेल्सची संघटना उभी केली.

शीर्षकातल्या ‘वर्णद्वेष’ या शब्दाबद्दलही मला शंका आहे, आणि ती हार्डिसन यांच्यामुळेच बळावते. २०१३ साली त्यांनी न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस आणि मिलानच्या फॅशन संस्थांना पत्रं लिहिली. एखादीच कृष्णवर्णीय मॉडेल घेणाऱ्या किंवा एकही न घेणाऱ्या डिझायनरांची नावं त्यात होती, आणि म्हणणं असं होतं की हेतू काहीही असो, परिणाम रेसिझमच. ‘द्वेष’ हा शब्द मनात डोकावायला लावतो. समोरचा लगेच म्हणतो, माझ्या मनात तसं काही नाही हो. ‘आमच्याकडे एक आहे, पुरे’ हे वाक्य कसलाही द्वेष न ठेवता, अगदी हसतमुखाने म्हणता येतं. म्हणून इथे ‘वर्णभेद’ घ्या. भेद मोजता येतो, त्याला मनाची साक्ष लागत नाही.

जाता जाता: तरुण मुली हल्ली ‘ब्लाऊज कुठे शिवलास सांग, गेटकीप करू नको’ म्हणतात. लेखात तो अर्थ आला तर ‘हातचं राखणं’ आपल्याकडे आयतं आहे.

शीर्षक मी असं केलं असतं: ‘फॅशनच्या जगात कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणारा वर्णभेद, आणि आतून लागणारी कडी’. लांब झालंय, कबूल. संपादक कात्री लावू लागले तर बाकी काहीही जाऊ द्या, पण ‘वाट्याला येणारा’ सोडू नका.