सर्व्हर निवांत, तरी वजनकाट्यावर खोळंबा का?

प्रश्न : आमच्या सहकारी साखर कारखान्यात ऊस नोंदणी, वजनकाटा, ऊस बिले आणि भांडार ही सर्व कामे १६ कोअरच्या (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणारे भाग) एकाच सर्व्हरवरील डेटाबेसवर चालतात. गाळप हंगामात पंधरवड्याची बिले काढायला घेतली की काट्यावरची पावती निघायला मिनिटभर लागतो आणि ट्रॅक्टरांची रांग रस्त्यापर्यंत जाते. अहवालात मात्र प्रोसेसरचा सरासरी वापर १५ टक्के दिसतो. पुरवठादार दुप्पट क्षमतेचा सर्व्हर घ्या म्हणतो, तर संचालक मंडळ क्लाउडबद्दल (इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरबद्दल) विचारते. आम्ही काय करावे?
– संगणक विभागातील एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नव्या सर्व्हरची खरेदी तूर्त थांबवावी, कारण त्याने हा खोळंबा सुटेल असे आपण दिलेल्या आकड्यांवरून तरी दिसत नाही. १५ टक्के ही दिवसभराची सरासरी असल्याने बिले काढण्याचे दोन-तीन तास तिच्यात बुडून जातात. शिवाय १६ कोअरपैकी एक कोअर पूर्ण व्यापला गेला, तरी एकूण वापर सहा टक्क्यांच्या आसपासच दिसतो. बिलांचा प्रोग्रॅम एका वेळी एकाच कोअरवर चालत असेल, तर ३२ कोअरच्या तशाच यंत्रावरही तो तेवढाच वेळ घेईल. अहवालातला आकडा मात्र आणखी खाली येईल. संगणकरचनाकार जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये नेमके हेच मांडले होते : कामाचा पाचवा हिस्सा एकापाठोपाठ एक असाच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर लावले तरी वेग पाचपटीच्या पुढे जात नाही.

म्हणून येत्या पंधरवड्यात बिले चालू असताना दर मिनिटाची नोंद घ्यावी. प्रत्येक कोअरचा स्वतंत्र वापर, डिस्कसाठी लागणारी प्रतीक्षा, शिल्लक मेमरी आणि डेटाबेसमध्ये कोणता व्यवहार (एकतर सगळे पूर्ण किंवा काहीच नाही अशा रीतीने नोंदले जाणारे काम) कोणत्या व्यवहारासाठी थांबला आहे, या चार गोष्टी त्यात हव्यात. फिरत्या तबकडीची डिस्क अजून वापरात असेल, तर ती विखुरलेल्या नोंदी सेकंदाला साधारण शंभरच वाचू शकते आणि प्रोसेसर तोवर रिकामा बसतो. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, तेच काम हजारोंच्या संख्येने करते. असे निघाले, तर केवळ डिस्क बदलणे हा नव्या सर्व्हरपेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय ठरेल.

मला अधिक संशय आहे तो लॉकचा, म्हणजे एक व्यवहार संपेपर्यंत त्याच्या नोंदी इतरांसाठी कुलूपबंद राहण्याचा. हजारो सभासदांची बिले एकाच व्यवहारात काढली जात असतील, तर प्रोग्रॅम वजनपावत्यांच्या नोंदी, काही वेळा अख्खा तक्ता, शेवटपर्यंत धरून ठेवतो आणि काट्यावरची नवी पावती त्याच दारात ताटकळते. बिले गटनिहाय, लहान लहान व्यवहारांत काढावीत, म्हणजे लॉक काही सेकंदांत सुटेल. मात्र ही फोड करताना प्रत्येक सभासदाच्या त्या पंधरवड्याच्या बिलावर ‘पूर्ण’ अशी खूण त्याच व्यवहारात नोंदली गेली पाहिजे. तसे न केल्यास मध्येच वीज गेल्यावर प्रोग्रॅम पुन्हा चालवताना काहींची बिले दोनदा निघतील, आणि शेतकऱ्याच्या पैशाच्या बाबतीत ही जोखीम कोणीही पत्करू नये. सभासद क्रमांक आणि तारीख यांवर इंडेक्स (नोंदी चटकन शोधण्याची सूची) आहे का, तेही पाहावे. तो नसेल, तर एका सभासदाच्या खेपा शोधायला डेटाबेस साऱ्या हंगामांच्या नोंदी चाळत बसतो. अहवालांसाठी डेटाबेसची केवळ वाचनाची स्वतंत्र प्रत ठेवली, तर तोही भार हलका होईल. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (उसाचा रास्त व किफायतशीर दर) देण्याचे बंधन १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातच असल्यामुळे बिले सवडीने काढा, असे मी सुचवणार नाही. ती रात्री, काट्यावर गर्दी कमी असताना काढता येतील एवढेच.

एक इशारा द्यावासा वाटतो. १५ टक्के वापर पाहून ‘यंत्र वाया जाते आहे’ असा निष्कर्ष काढून त्यावर भराभर आणखी कामे लादू नयेत. आपल्या काट्यावर वाहने जशी अनियमितपणे येतात, तशाच सर्व्हरकडे मागण्या येतात. एकेरी रांगेच्या साध्या गणितानुसार वापर ५० टक्के असताना मागणी पुरी व्हायला मूळ वेळेच्या दुप्पट, ८० टक्क्यांना पाचपट आणि ९० टक्क्यांना दहापट वेळ लागतो. काट्यासारख्या थांबू न शकणाऱ्या कामाच्या वाट्याची यंत्रणा ऐन गर्दीतही ६० ते ७० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये. भांडार आणि हजेरीसारखी कामे व्हर्च्युअल मशीनमध्ये (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने केलेल्या स्वतंत्र यंत्रांत) एकत्र करून यंत्राचा उरलेला वेळ वापरावा. तेथेही काट्याच्या मशीनसाठी मेमरी राखून ठेवावी.

क्लाउडचा विचार आपल्यासाठी गैर नाही, कारण हंगाम वर्षाचे काही महिनेच चालतो आणि बाकी काळ भाडे वाचू शकते. परंतु एका व्यवहारात अडकलेला प्रोग्रॅम तेथेही अडकेलच, आणि इंटरनेट तुटले म्हणून काटा थांबणे कारखान्याला परवडणारे नाही. त्यामुळे वजनाची नोंद आधी काट्यावरच्याच संगणकात व्हावी व तेथून पुढे जावी. बॅकअप मात्र आजच बाहेर न्यावा. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहता त्याची एक प्रत पंचगंगेच्या खोऱ्याबाहेर असलीच पाहिजे.

हे सारे करूनही खोळंबा राहिला, तर पुरवठादाराकडे चाचणीसाठी यंत्र मागावे, गेल्या हंगामातील सर्वांत मोठ्या पंधरवड्याची बिले त्यावर काढून पाहावीत आणि त्याच वेळी काट्याच्या पावत्या किती सेकंदांत निघतात, तो आकडा संचालक मंडळापुढे ठेवावा.