सोसायटीच्या झाडावरची बगळ्यांची घरटी पावसाळ्यात काढली तर गुन्हा होतो का?

तुम्ही विचारलंय की झाडावर बगळ्यांनी घरटी केलीत, गाड्यांवर विष्ठा पडते, वास सुटलाय, आणि छाटणीची नगरपरिषदेची परवानगी हातात आहे. मग आत्ता जूनमध्येच घरट्यांसकट फांद्या उतरवल्या तर चालेल का?

नाही चालणार. गुन्हा होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नाही. जंगली पक्ष्याची अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला धक्का लावणं हेसुद्धा त्या व्याख्येत आहे (कलम 2, पोटकलम 16), आणि कलम 9 नुसार अशा शिकारीला बंदी आहे. बगळे, ढोकरी (मातकट रंगाचा छोटा बगळा), पाणकावळे सगळे त्यात येतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणी म्हणेल, "उपद्रवी पक्षी आहेत, त्यांना काय कायदा?" उपद्रवी कोण, हे सोसायटीची सभा ठरवत नाही. पूर्वी कायद्यात उपद्रवी प्राण्यांची वेगळी पाचवी अनुसूची, म्हणजे यादी होती, त्यात उंदरांबरोबर कावळा होता. बगळा तेव्हाही नव्हता. 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूचीच काढून टाकली. आता एखाद्या प्राण्याला ठरावीक भागासाठी, ठरावीक काळापुरतं उपद्रवी जाहीर करायचा अधिकार फक्त केंद्र सरकारचा.

आणि हे मला का ठाऊक, तर 2023 च्या जूनमध्ये आमच्या सोसायटीत नेमकं हेच झालं.

आमच्या आवारात बिल्डिंगच्या आधीपासूनची चिंच आहे. दुसऱ्या मजल्यावरची आमची गॅलरी घरट्यांच्या अगदी समोर. एरवी मातकट दिसणाऱ्या ढोकरीच्या पाठीवर पावसाच्या तोंडाला गडद किरमिजी पिसं येतात. नर काड्या आणून देतो, मादी त्या रचत बसते. आतली अंडी फिकट निळसर-हिरवी. आमच्या सासूबाई दुपारचा चहा तिथेच बसून घ्यायच्या, आणि पहिलं पिल्लू बाहेर आलं तेव्हा त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं.

तो पाऊस जेमतेम सुरू झाला होता. चेअरमननी सकाळीच छाटणीवाले बोलावले. कोयता आणि दोर घेऊन एक मुलगा वर चढला. मी गॅलरीतून ओरडले, "दादा, घरट्यात पिल्लं आहेत, थांब." तो थांबला आणि त्याने खाली बघितलं. खालून चेअरमन म्हणाले, "परवानगी आहे, तू काप."

पेव्हर ब्लॉकवर फांद्या पडल्या आणि त्यांच्याबरोबर पिल्लं. डोक्यावर विस्कटलेली लव, अंगाच्या मानाने लांबच लांब हिरवट पाय. ही पिल्लं घाबरली की पोटातलं ओकतात, त्यामुळे जिवंत असलेल्या प्रत्येकापुढे अर्धवट पचलेले मासे आणि बेडूक पडले होते. वॉचमनला झाडू आणि गोणपाट देऊन सांगितलं होतं, भरून टाक. तळमजल्यावरच्या काकू आणि मी आंब्याच्या रिकाम्या पेटीत, पेंढ्यावर, हाताला लागतील ती जिवंत पिल्लं उचलून ठेवली. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर मी फोन केला. दुपारी वनरक्षक आले, पंचनामा केला, पेटी घेऊन गेले. मोठे पक्षी अंधार पडेपर्यंत उघड्या बुंध्यावर घिरट्या घालत होते.

चेअरमननी वनरक्षकांपुढे परवानगीचा कागद धरला. तुम्हीही त्याच कागदाच्या भरवशावर आहात, म्हणून सांगते. ती परवानगी महाराष्ट्राच्या 1975 च्या झाडं जपण्याच्या कायद्याखालची असते, फांद्यांपुरती. घरट्यांना हात लावायची मुभा त्यातून मिळत नाही. मालमत्तेचं नुकसान होतं म्हणून पक्ष्यावर कारवाई करायचीच असेल, तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी आदेश देतो, कारणासहित. गाडीवरच्या डागांसाठी कोणी असा आदेश काढेल असं मला वाटत नाही. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात सप्टेंबर 2022 मध्ये महामार्गासाठी घरट्यांसकट झाड पाडलं, पिल्लं रस्त्यावर आपटून मेली. तिथे वनविभागाने गुन्हा नोंदवला. काम राष्ट्रीय महामार्गाचं होतं, तरीही. मग सोसायटी कोण?

पुढच्या जनरल बॉडीत मला सगळ्यांसमोर विचारलं गेलं, "बाई, पक्षी मोठे की माणसं?" सोसायटीचं नाव खराब केलं म्हणून दोन घरांनी बोलणं टाकलं, ते अजून टाकलेलंच आहे. पण ज्यांची तक्रार सगळ्यात मोठी होती त्यांची, म्हणजे खुद्द चेअरमनची गाडी चिंचेखाली लागायचीच कशी? त्यांना दिलेली जागा मागच्या बाजूला, पत्र्याखाली आहे. चिंचेखाली सावली म्हणून नवी गाडी तिथे लावायला लागले, आणि मग झाडच घाण झालं. माणसांचा त्रास वगैरे काही नव्हता. एका माणसाची एक गाडी होती.

तुम्ही काय करावं? थांबा. अंडी घातल्यापासून पिल्लं उडेपर्यंत साधारण दीड-दोन महिने जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत झाड रिकामं होतं. मग परवानगी घेऊन हलकी छाटणी करा. पक्षी त्याच झाडावर परत येतात, म्हणून जे काही करायचं ते पुढच्या वर्षी घरटी बांधायला लागण्याआधी, एप्रिलपर्यंत उरका. तोवर गाड्या हलवा, खाली ताडपत्री बांधा, पडलेले मासे रोज झाडून घ्या. वास बराचसा त्या माशांचाच असतो. बाल्कनीतल्या कबुतरांनाही हाच क्रम लावा, अंडी-पिल्लं असतील तर महिना-दीड महिना कळ काढा आणि मग जाळी बसवा.

फांदी मोडून लोंबकळतेय, विजेच्या तारेवर आलीय, खालून मुलं जातात, असं काही असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थांबा म्हणणार नाही. पण तेव्हाही आधी वनविभागाला कळवा, त्यांचा माणूस समोर असताना तेवढीच फांदी दोराने खाली घ्या. आणि घरात कोणाला दम्याचा त्रास असेल तर विष्ठा कोरडी झाडू नका, पाणी मारून मगच काढा.

आणि छाटणीचा ठराव सभेपुढे आला की आधी पार्किंगचा मंजूर नकाशा मागवा. त्या झाडाखाली कोणाची जागा आहे आणि रोज गाडी कोणाची उभी असते, हे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा.