मुंबई बंदराचा जुना नकाशा, साल कसं ओळखायचं?

प्रश्न: आजोबांच्या ट्रंकेत मुंबईचा सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा सापडला, कापडावर चिकटवलेला, दोन शीट जोडलेत, स्केल एक इंचाला एक मैल. खालची कड फाटलीय त्यामुळे साल गेलंय. कधीचा असेल? आणि लॅमिनेट करू का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: लॅमिनेशन अजिबात नको, प्लीज! ते प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद खराब केल्याशिवाय निघत नाही. सेलोटेपही नको, सपाट ठेवा, उन्हापासून लांब.

साल नकाशातच सापडेल. आधी गोदी बघा. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, १९१४ चा, तो असेल तर नकाशा त्यानंतरचा. मग शिवडी-वडाळ्याकडे सरका, तिथे पोर्ट ट्रस्टची रेल्वे लाइन दिसली तर अजून पक्कं, कारण ती १९१५ ला सुरू झाली. नंतर ट्रॉम्बे-माहुल, तिथल्या रिफायनऱ्या १९५४-५५ च्या, त्या नसतील आणि नुसती खाजणं नि मिठागरं असतील तर बहुतेक त्याआधीचा. बहुतेक म्हणतोय कारण सर्व्हेचं साल आणि छपाईचं साल वेगळं असतं, मधे बरीच वर्षं जातात, त्यामुळे छापताना उभी असलेली गोष्टही नकाशात नसू शकते.

आणि भिंग घेऊन परळ-लालबागच्या गिरण्या नक्की शोधा, रेल्वेचे फाटे कुठे वळतात ते बघत गेलात की कापसाचा गोदीपर्यंतचा रस्ता कळतो, मला त्या शीटवर सगळ्यात जास्त तेच आवडतं.